प्रयोगशाळेबाहेर गेलेली गोष्ट

सोमवार, ता. ४ मार्च १९४६. प्रयोगशाळेचं उद्‌घाटन शनिवारी झालं आणि सोमवारी सकाळी मी पदर खोचून तिथला केर काढत होते. साखर रेशनची, म्हणून चहा बेताचाच केला होता आणि ती कसर नरखेडहून आलेल्या संत्र्यांनी भरून काढली होती. पाहुणे मोठे विद्वान. त्यांनी साली खिडकीच्या चौकटीत, बाकांखाली, फळ्याच्या मागे अशा कोंबल्या होत्या की शोधून काढाव्या लागत होत्या. एका दौतीत तर बिया निघाल्या.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आठवतात. माझी भाची मुद्दाम बघायला आली आणि हिरमुसून गेली. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, फळा आहे, गोल मांडता येतील अशी बाकं आहेत, सेकंद मोजायचं एक घड्याळ आहे. एकटं असताना एक बोलणारा माणूस चौघांत बसला की दुसरंच का बोलतो, कोण कोणाच्या हातचं पाणी पितो, बातमी तोंडातोंडी जाताना कुठे वाकते, हे इथे तपासायचं. याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. दारावर संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर कै. प्रोफेसर गोविंदराव ढोके यांचं नाव आहे. ते समाजशास्त्र शिकवत. ही खोली व्हावी म्हणून त्यांनी अर्ज करकरून कारकून थकवले. ती झाली तेव्हा ते विषमज्वराने जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. ढोकेसाहेब एकदा काही कामाने शाळेत आले, तेव्हा मी मुलीला शाळेतून काढायला आलेल्या एका बापाला अंगणात उभा करून झापत होते. साहेब झाडाखाली शांतपणे ऐकत उभे राहिले. बाप गेल्यावर म्हणाले, "बाई, मला न लाजणारी माणसं हवी आहेत. पुरुषाला ओसरीच्या पुढे कोणी येऊ देत नाही. आणि खरी उत्तरं स्वयंपाकघरात असतात."

तेव्हापासून माझं काम एकच. विचारायचं आणि गप्प बसायचं. यातलं दुसरं अवघड. उत्तर आवडलं तरी मान हलवायची नाही, नाही आवडलं तरी भुवई उचलायची नाही. एकदा मान हलली की पुढची सगळी उत्तरं तुमच्या मानेसाठी येतात. माझी मुख्य वस्ती विणकरपुरा. तिथे घरोघर माग. पुरुष खड्ड्यात पाय सोडून विणतो आणि बाई रहाटावर सुताच्या कांड्या भरते. मी जाऊन समोर बसायची आणि रिकाम्या कांड्या हाताशी द्यायला लागायची. हात कामात आणि नजर सुतावर असली की बाईच्या तोंडून उत्तर सहज येतं. समोरासमोर बसून विचारलं तर ती परीक्षा होते.

माणसंही एकेक भेटतात. एक म्हातारी दर प्रश्नाला "तुमाले काय वाटते?" असं विचारी आणि माझं उत्तर ऐकल्याशिवाय आपलं देत नसे, म्हणजे कधीच देत नसे. आमचे तरुण लेक्चरर श्रीधरराव पत्की यांनी एकदा खोलीच्या कोपऱ्यात चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा लावला. आत बायांचा गट चर्चा करणार, हे चिकेमागे अंधारात बसून टिपणं घेणार, बायांना पत्ता लागणार नाही. पण या बाया मोठ्या घरी लुगडी विकायला जातात, आणि तिथे मालकीण चिकेमागेच बसलेली असते. आत आल्याबरोबर सगळ्या चिकेकडे तोंड करून बसल्या आणि प्रत्येक उत्तर चिकेला देऊ लागल्या. शेवटी एकीने उठून चिकेच्या फटीतून सुपारी आत सरकवली. "घ्या आईसाहेब, कवाच्या बसून राहिल्या!" पत्की बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते आणि सुपारी हातात होती.

पत्की वाईट माणूस नाही. ढोकेसाहेबांचा लाडका विद्यार्थी. उद्‌घाटनाला पाहुण्यांपुढे एखादा जिवंत प्रयोग दाखवावा ही कल्पना त्यांचीच. प्रयोग सोपा. दहा जणींना ओळीने बसवायचं. पहिलीला एक गोष्ट वाचून दाखवायची. तिने ती दुसरीच्या कानात सांगायची, दुसरीने तिसरीच्या, आणि शेवटच्या बाईने उठून मोठ्याने सांगायची. मग फळ्यावरची मूळ गोष्ट उघडी करायची आणि काय गळलं, काय चिकटलं ते बघायचं. कॉलेजच्या मुलांवर आम्ही हा कितीदा केला होता. मुलं हसतात, चहा पितात, विसरतात.

या वेळी बाया मी विणकरपुऱ्यातून आणल्या. गोष्ट पत्कींनी रचली होती: एका गावात पटकीच्या दिवसांत विहिरीत लाल औषध टाकलं, पाणी दोन दिवस लाल दिसलं, एका नव्या सुनेने ते घागरीत भरून आणलं आणि सासूने विचारलं, हा रंग कुठला? बस्स, एवढीच.

ओळीत शेवटी यशोदा होती. अंगाने आडवी, जिभेने धारदार. ती उठली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बुधवारी आपल्या विहिरीत औषध टाकनार हाये. ज्या सुनेनं ते पानी पेलं, तिची कूस उजवनार नाई."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्कींनी फळ्यावर रेघा मारून समजावलं, सभेला सांगितलं की कथा काल्पनिक होती. बाया संत्री खाऊन टांग्यातून घरी गेल्या.

तर सोमवारी मी साली गोळा करत होते आणि दारात अनसूया उभी राहिली. विणकरपुऱ्यात ढोकेसाहेब पहिल्यांदा बसले ते तिच्या घरी. तिला तिच्या घराबाहेर मी क्वचितच पाहिलं होतं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, तुमी खरं सांगा. बुधवारी टाकतेत का गुरवारी?"

"काय टाकतात?"

"औषध वं बाई! गुरवारी माह्या चंद्रीचं लगन हाये. पारशिवनीची मानसं येतीन. त्याईले पानी कोनतं पाजू?"

मी झाडू खाली ठेवला. "अनसूयाबाई, तू स्वतः इथे ओळीत बसली होतीस. ती रचलेली गोष्ट होती. पत्कीसाहेबांनी शेवटी सांगितलं ना मोठ्याने?"

"मोठ्यानं सांगतलं मनूनच त," ती म्हणाली. "मोठ्यानं त सरकार सांगते. खरी गोष्ट कानात सांगतेत. तुमीच सांगतलं होतं ना कानात सांगा मनून? खोटी असती त कानात काहून सांगाची?"

मुलांच्या कानात सांगितलं तर तो खेळ होतो. या बायांच्या आयुष्यात कानाशी तोंड नेऊन सांगायच्या गोष्टी ठरलेल्या असतात: कोणाला दिवस गेले, कोणाला सासरी मारतात, मुलाकडचे काय मागतात. त्यात कोणी खोटं बोलत नाही. आम्ही खोटी गोष्ट खऱ्या दारातून आत पाठवली होती.

अनसूया जाता जाता म्हणाली, "साहेब असते त त्याईनं आमच्या कानात लबाडी घातली असती का?" आणि पाटीकडे न बघता निघून गेली. तिला वाचता येत नाही, पण पाटी कोणाची ते ठाऊक होतं.

मी तिच्या मागोमाग विणकरपुऱ्यात गेले. विहिरीवर झुंबड होती. घागरी, कळश्या, मडकी, पाळण्याखालची परात, मिळेल ते भरून घेणं चाललं होतं, बुधवारच्या आत. फाल्गुनातली विहीर ती. तळ ढवळून गढूळ पाणी येऊ लागलं होतं, आणि गढूळ पाणी बघून बाया एकमेकींना म्हणत होत्या, पाहा, टाकलंच.

यशोदा काठावर उभी होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी: यशोदा म्हणजे नवऱ्या मुलाची सख्खी आत्या. पारशिवनीला निरोप तिनेच पाठवला होता आणि उत्तरही आलं होतं. मुलाची आई म्हणाली होती की तिच्या भावी सुनेने त्या विहिरीचं पाणी प्यायलं असेल तर तिथी पुढे ढकलू. आणि तिथी एकदा ढकलली की मुलीच्या नावापुढे काय लागतं, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अनसूयेच्या चंद्रीने, म्हणजे चंद्रभागेने, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आई ओरडली तरी पोरगी तोंड मिटून बसली होती.

मी कळशीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायले. यशोदा हसली.

"तुमी पेसान बाई! तुमचं काय जाते? तुमची उमर सरली, अन् कुकू बी गेलं."

बोलणं खरं होतं. माझ्या पिण्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

पत्कींना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, दवंडी पिटू. मी नको म्हटलं, पण त्यांनी मंगळवारी सकाळी ढोलवाला पाठवलाच. तो गल्लीगल्लीतून ओरडत गेला, विहिरीत कोणतंही औषध टाकणार नाहीत हो. दुपारपर्यंत विणकरपुऱ्यात एकच प्रश्न होता: टाकणार नाहीत तर दवंडी काहून पिटली?

मंगळवारी संध्याकाळी मी पत्कींच्या घरी धंतोलीला गेले. त्यांच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. बायको कमल, मॅट्रिक झालेली, हसरी. दारात मी सरळ म्हटलं, "उद्या कमलताईंनी विहिरीवर येऊन पाणी प्यायला हवं. नवी सून तीच. दुसरं कोणी चालणार नाही."

पत्कींनी मागे वळून घरात पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, पण समजा नगरपालिकेने खरंच काही टाकलं असेल तर?"

"ते तुम्ही रचलंत ना?"

"हो. रचलं मीच. पण आता इतके लोक म्हणताहेत…"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ उत्तरं ऐकली. त्या दिवशी पहिल्यांदा माझी भुवई उचलली गेली.

आतून त्यांच्या आई आल्या. मला वाटलं, कोष्ट्यांच्या विहिरीचं पाणी म्हणून अडवतील. त्या म्हणाल्या, "पाण्याचं मी बघून घेईन हो, गंगाजल आहे घरात. पण दूधवाली सकाळी सांगत होती, ते औषध पोटात गेलं की सात पिढ्या वंश थांबतो. माझा एकुलता एक मुलगा आहे." पहिली पिढी थांबल्यावर पुढच्या सहा कुठून येणार, हे मी विचारलं नाही. म्हणजे गोष्ट धंतोलीपर्यंत आली होती, आणि येताना चांगली जाडजूड होऊन आली होती.

कमल दाराला टेकून ऐकत होती. म्हणाली, "आई, ही गोष्ट यांनी माझ्यासमोर बसून लिहिली. आधी नुसती बाई होती. 'नवी सून करा, गोड वाटेल,' असं मीच म्हटलं. आता ती सून व्हायला मीच गेले पाहिजे."

"आणि काही झालं म्हणजे?"

"आई, त्यात काही नाहीच आहे, तर होणार काय?"

सासूबाई देवघरात गेल्या. होकार नव्हता, पण दाराची कडीही लावली नाही.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं टांग्याने गेलो. पत्की सोबत येतो म्हणाले. मी नको म्हणणार होते, बरं झालं म्हटलं नाही. विहिरीवर सगळा पुरा जमला होता. कमलने चप्पल काढली, काठावर गेली आणि म्हणाली, "नवरीनेच द्यावं पाणी."

चंद्रभागा पुढे आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तिने घागर उचलली तशी यशोदा मध्ये आली.

"थांब वं पोरी. ही बाई पेईन अन् धंतोलीले जाईन. कूस उजवली का नाई ते आमाले नऊ महिन्यानं समजन. तवर का लगन थांबवाचं?"

बायांमध्ये कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. मी तोंड उघडणार तोच यशोदा पत्कींकडे वळली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गोष्ट तुमीच रचली मनता ना साहेब? मंग तुमीच पाजा आपल्या बायकोले. आपल्या हातानं. नवरा जानून बुजून बायकोले इख नाई पाजत."

पत्कींच्या कपाळावर घाम. चारचौघांत बायकोशी बोलायची सोय नाही, त्यात विहिरीवर पुऱ्याच्या बायांसमोर तिला पाणी पाजायचं! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. तेवढी सवय होती.

त्यांनी चंद्रभागेच्या हातून घागर घेतली. कमलने ओंजळ धरली. त्यांनी घागर अशी तिरकी धरली की पहिली धार तिच्या पदरावर गेली, दुसरी त्यांच्याच कोटावर, तिसरी तिच्या नाकावर. कमलला हसू आवरेना. ती हसली तशी चंद्रभागा हसली, मग सगळ्याच.

"साहेब, हळू जी! का बायकोची आंघोळच करता?"

"अवं, माह्या नवऱ्यानं तीस वर्सात मले गिलास बी नाई देल्ला!"

"तुह्या नवऱ्याले बोलाव, शिकन तरी!"

कमल पोटभर प्यायली. ओंजळ झटकली आणि म्हणाली, "गोड आहे." चंद्रभागेने घागर परत घेतली, मागे न बघता तोंडाला लावली आणि गटागट पीत राहिली. अनसूया तोंडाला पदर लावून उभी होती. यशोदा पत्कींच्या ओल्या कोटाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक नवीन गोष्ट जमत होती. ते मला चांगलं ओळखता येतं.

मी टांग्यात बसेपर्यंत तिने शेजारणीच्या कानाला तोंड लावलं होतं.

औषधाची गोष्ट कोणी खोडली नाही. तिच्याकडे बघायला कोणाला वेळ राहिला नाही. संध्याकाळपर्यंत प्रोफेसराने बायकोला सोन्याच्या पेल्याने पाणी पाजलं होतं. दिवेलागणीला त्याने तिचे पायही धुतले होते. यशोदेचा दीर त्याच दिवशी पारशिवनीला गेला आणि जाताना ही गोष्ट बरोबर घेऊन गेला. पत्कींनी पुढे कॉलेजात तोंड लपवून फिरावं इतकी ती पसरली. अजूनही त्यांना विद्यार्थी मागून "पाणी" म्हणतात. ते रागावत नाहीत. एकदा मला म्हणाले, "बाई, साहेब असते तर त्यांनी मला काय म्हटलं असतं?" मी म्हटलं, "ते आधी अनसूयेच्या घरी गेले असते. तुम्हाला नंतर म्हटलं असतं." पत्कीही त्यानंतर अनसूयेकडे गेले. तिने बसायला गोणपाट दिलं, चहा दिला. पण तेव्हापासून मी काही विचारायला गेले की ती रहाट थांबवते आणि आधी मला विचारते, "बाई, खरं इचारून राहिल्या का रचून?" मी खरं म्हणते. ती क्षणभर माझ्याकडे बघते. तो क्षण पूर्वी नव्हता. प्रयोगशाळेत नवीन घड्याळ येईल, फळाही येईल. तिचा विश्वास मिळवायला मात्र साहेबांची पुष्कळ वर्षं गेली होती.

पण गुरुवारचं सांगायचं राहिलं.

गुरुवारी सकाळी मी शाळेतल्यासारखी लवकर उठले, जुनं जाड लुगडं नेसले आणि विणकरपुऱ्यात गेले. रातोरात विहिरीचं पाणी निवळलं होतं. मी अनसूयेला म्हटलं, मला काम दे, आणि तिने हातात तांब्या दिला. पारशिवनीच्या गाड्या ऊन चढायच्या आत आल्या. मंडळी मांडवात बसली. पहिल्या ओळीत मुलाची आई, कपाळावर मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले. तिच्यापुढे पेला ठेवला होता आणि तिने तो उपडा करून ठेवला होता. शेजारी गाडीतून आणलेली तिची सुरई.

मी तांब्या घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. मागे अनसूयेचा श्वास मला ऐकू येत होता.

तिने वर पाहिलं. "तुमी त्या कालेजातल्या बाई ना?"

"हो."

"त्या साहेबानं बायकोले पाजलं ते याच इहिरीचं का?"

"याच विहिरीचं."

"सगळ्याईसमोर?"

"सगळ्यांसमोर. मी तिथेच होते."

ती माझ्याकडे वाकली. आवाज बारीक केला. "सोन्याचा पेला होता मनतेत?"

मी इतकी वर्षं विचारायचं काम केलं. उत्तर द्यायची वेळ क्वचित आली. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "नाही हो. मातीची घागर होती, आणि अर्धं पाणी तिच्या नाकात गेलं."

तिच्या मिटलेल्या ओठांतून हसू फुटलं. तिने पेला सरळ केला आणि माझ्यापुढे धरला. मी भरला. ती प्यायली, तोंड पुसलं आणि पेला पुन्हा पुढे केला.